रात्रपाळीचा काउंट

मी 1979 साली मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या महापालिकेच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून लागले. रात्री आठनंतर तिथे लॅबमध्ये एकच माणूस असे, आणि त्याच्या हातून होण्यासारख्या तपासण्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशींचा काउंट, मलेरियाची स्लाइड, साखर आणि लघवी. युरिया, क्रिएटिनिन, बिलिरुबिन सकाळी लॅबचे साहेब आल्यावर. कल्चरची बाटली दुसऱ्या दिवशी गाडीने मोठ्या हॉस्पिटलात जायची. तिचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंट एक तर घरी गेलेला असायचा, नाही तर गेलेलाच असायचा.

कॅज्युअल्टीतून मामा, म्हणजे वॉर्डबॉय, चिठ्ठी आणि बल्ब घेऊन येई. बल्ब म्हणजे पेनिसिलीनची रिकामी बाटली. वॉर्डातल्या सिस्टर त्या साठवून ठेवायच्या. आम्ही धुऊन, तळाशी ऑक्झलेटचे थेंब टाकून ओव्हनमध्ये सुकवायचो. जंतू मारायच्या औषधाच्या बाटलीतूनच जंतूंची खबर यायची. चिठ्ठीवर 'अर्जंट' लिहिलेलं असे, खाली रेघा. एक रेघ म्हणजे हौसमनला, रात्रीच्या शिकाऊ डॉक्टरला, झोपायचं आहे, दोन म्हणजे पेशंट बरा नाही, तीन असतील तर हातातलं सोडून ते रक्त घ्यायचं. जोखीम मोजायची आमची पद्धत ती एवढीच.

सेप्सिस, म्हणजे संसर्गाने माणूस आतून खचत जाणं, रक्तावरून ओळखण्याचा इतिहास वाचायला गेलं की त्यात शोधांची रांग लागलेली दिसते. कोणत्या साली, कोणत्या शहरात, कोणत्या प्रोफेसरांना काय सापडलं. ते खरंच आहे आणि मला त्यात रसही आहे. पण घाटकोपर-मुलुंडकडून पाहिलं तर हा इतिहास उशिराचा आहे. एखादी तपासणी पुस्तकात आल्यापासून ती रात्री दोन वाजता उपनगरातल्या हॉस्पिटलात होऊन तिचा कागद डॉक्टरच्या हातात पडेपर्यंत किती वर्षं गेली, हा माझ्या लेखी खरा हिशेब. मुंबईची हद्द 1957 साली मुलुंड-दहिसरपर्यंत आली. मेडिकल कॉलेजं मात्र बराच काळ परळ, भायखळा, सायन इथेच राहिली. राजावाडी, अगरवाल, भगवती, कूपर ही हॉस्पिटलं सगळी 'पेरिफेरल'. परिघावर रक्त काढलं जाई, निदान केंद्रात होई.

काउंट करायचा तो न्यूबावर चेंबरवर. काचेच्या पिपेटमध्ये 0.5च्या खुणेपर्यंत रक्त आणि मग 11च्या खुणेपर्यंत टर्कचं फ्लुइड ओढायचं, दोन्ही तोंडाने. त्यातल्या ॲसेटिक ॲसिडने तांबड्या पेशी फुटतात, पांढऱ्या उरतात. चेंबरवर थेंब सोडून चार कोपऱ्यांतल्या चौकोनांत दिसतील त्या मोजायच्या आणि 50ने गुणायचं. काविळीच्या माणसाचंही रक्त आम्ही तोंडानेच ओढत होतो. पुढे एड्सची भीती आली तेव्हा कुठे पिपेटला रबरी फुगे मिळाले. निरोगी माणसाचा आकडा 4,000 ते 11,000. अठरा-वीस हजार आला की मी मामाला जाऊ देत नसे, सरळ कॅज्युअल्टीला फोन लावत असे. पण नोकरीत मुरल्यावर भीती वाटू लागली ती पडलेल्या काउंटची. अंगात ताप, पोट फुगलेलं, नाडी धावतेय आणि काउंट 2,500, म्हणजे मज्जेतून पाठवायला आता फौज उरलेली नाही. नव्या हौसमनला हे समजावणं कठीण जाई. त्याला लहान आकडा म्हणजे चांगली बातमी वाटायची.

आकड्यापेक्षा स्लाइड जास्त बोलायची. रक्ताचा थेंब काचेवर ओढून त्यावर लिशमन स्टेन घालायचा, दोन मिनिटांनी बफर, मग सात-आठ मिनिटं थांबायचं. विल्यम लिशमन हा ब्रिटिश लष्करातला डॉक्टर. 1901 साली त्याने हा स्टेन काढला आणि पुढे कलकत्त्याजवळच्या डमडममधून आलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत काळा आजाराचा जंतू दाखवला. जगातल्या बऱ्याच लॅब राइट नाही तर गिम्सा स्टेन वापरतात, आपल्याकडे लिशमन टिकून आहे. चांगल्या रंगलेल्या स्लाइडवर शंभर पांढऱ्या पेशी एकेक करून पाहायच्या. न्यूट्रोफिलमध्ये जांभळे, जाडसर दाणे दिसले, पेशीच्या पोटात रिकामे फुगे दिसले, आणि केंद्रकाचे खंड न पडलेल्या कोवळ्या पेशी, ज्यांना बँड म्हणतात, त्या संख्येने जास्त असल्या, तर माणूस आतून लढतोय हे कळायचं. रिपोर्टच्या तळाशी मी 'टॉक्सिक ग्रॅन्यूल्स, लेफ्ट शिफ्ट' असं लिहायचे. कितीजणांनी ते वाचलं असेल कोण जाणे. पण 1991 साली शिकागोजवळ अमेरिकेतल्या डॉक्टरांची बैठक बसली आणि पुढच्या वर्षी रॉजर बोन यांच्या नावाने सेप्सिसची पहिली अधिकृत व्याख्या छापून आली, तेव्हा तिच्या निकषांत रक्तपेशींची एकच गोष्ट होती: काउंट 12,000च्या वर, किंवा 4,000च्या खाली, किंवा 10 टक्क्यांहून जास्त बँड. आमच्या साहेबांनी ते जर्नल माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "बाई, बघा, तुमची तळटीप वर गेली."

ईएसआरबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याने जेवढी जागा खाल्ली तेवढी त्याची लायकी नव्हती. रक्त उभ्या नळीत ठेवलं की तांबड्या पेशी खाली बसतात, आणि शरीरात कुठे दाह असेल तर लवकर बसतात. पोलंडचा एडमुंड बिएरनात्स्की याने हे 1897 साली मांडलं, स्वीडनच्या फोरेउस आणि वेस्टरग्रेन यांनी पुढे त्याची पद्धत बसवली. नळी अजून वेस्टरग्रेनचीच आहे. उपनगरांतल्या जनरल प्रॅक्टिशनरांना ईएसआर फार प्रिय, कारण चाळीत आणि झोपडपट्टीत टीबी होता आणि टीबीचा संशय धरून ठेवायला तो बरा. पण कॅज्युअल्टीतल्या माणसाला त्याचा काय उपयोग? एक तास नळी उभी ठेवायची, आणि आकडा सांगणार गेल्या आठवड्याची गोष्ट.

आता गर्भपातानंतर ताप घेऊन येणाऱ्या बायकांबद्दल. गर्भपाताचा कायदा 1971 साली झाला आणि 1 एप्रिल 1972पासून लागू झाला. कायदा झाला म्हणून असल्फ्याच्या किंवा पार्कसाईटच्या डोंगरावरची बाई हॉस्पिटलात आली असं झालं नाही. कोणाला नवऱ्याची सही मागतील याची धास्ती, कोणाला शेजाऱ्यांची. दाईकडे, नाही तर पाटी लावून बसलेल्या कोणाकडे तरी जायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री थंडी वाजून ताप भरला की रिक्षातून आमच्याकडे. तीन रेघांच्या चिठ्ठ्या बहुतेक यांच्याच असत. आमच्या गायनॅकच्या डॉक्टरबाई चिठ्ठीच्या पाठीमागे वेळ लिहायच्या: ताप कधीपासून, रक्त किती वाजता काढलं. त्यांच्याखेरीज कोणी ते करत नसे. पहाटेपर्यंत त्या स्वतः लॅबच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. काउंट सांगितला की विचारायच्या, "वाढतोय की पडतोय?" एका रक्तावरून ते सांगता येत नाही, म्हणून चार तासांनी त्या दुसरं पाठवायच्या. आज ज्याला 'सीरियल मार्कर' म्हणतात तो एवढाच प्रकार आहे, आणि तो त्या काळी चेंबरवर चालत होता.

गंमत अशी, गंमत म्हणायला जीभ धजत नाही खरी, की याच दुखण्याच्या बायकांच्या रक्तात विज्ञानाला पहिला धागा सापडला होता. जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये 1843 साली योहान योसेफ शेरर या डॉक्टर-रसायनशास्त्रज्ञाने बाळंतज्वराने दगावलेल्या बायकांचं रक्त तपासलं आणि त्यात लॅक्टिक ॲसिड नोंदवलं. माणसाच्या रक्तात लॅक्टिक ॲसिड सापडल्याची ती पहिली नोंद. पेशींना ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही, किंवा जंतूंच्या विषाने त्यांचा सगळा कारभारच बिघडतो, तेव्हा लॅक्टेट साठतं. लिटरमागे 2 मिलिमोलपर्यंत ठीक, 4च्या वर गेलं की रक्तदाब अजून बरा दिसत असला तरी माणूस घसरणीला लागला असं समजायचं. शेररनंतर 137 वर्षांनी, 1980 साली, माझ्याकडे तशाच बाईचं रक्त येई आणि लॅक्टेट करायची सोय नसे.

सोय नसण्याचं कारण नुसती गरिबी नव्हती. लॅक्टेट हे वेळेचं फार हट्टी आहे. बल्बमध्येही तांबड्या पेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट सोडत राहतात. त्यामुळे फ्लोराइडचा बल्ब हवा, तो बर्फात हवा, आणि लवकर तपासायला हवा. दंडाला पट्टा आवळून पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावली तरी आकडा वर जातो. कॅज्युअल्टी ते लॅब अंतर म्हणजे दोन जिने, एक बोळ, आणि मामाचा चहा. रक्त काढल्या जागीच मोजणारं ब्लड गॅसचं मशीन जेव्हा आयसीयूत आलं, तेव्हाच लॅक्टेट खऱ्या अर्थाने उपनगरात आलं. डेट्रॉइटच्या इमॅन्युएल रिव्हर्स यांचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी इमर्जन्सीतच लॅक्टेट पाहून, पहिल्या सहा तासांत ठरलेल्या क्रमाने उपचार केले, आणि मृत्यूचं प्रमाण 46.5 टक्क्यांवरून 30.5वर आल्याचं दाखवलं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत त्या ठरलेल्या क्रमाचा वेगळा फायदा दिसला नाही, कारण तोवर सगळीकडेच लवकर ओळखून लवकर सुरुवात करायची सवय लागली होती. मला यात नवल वाटलं नाही. डॉक्टरबाई बोळात उभ्या राहून वेगळं काय करत होत्या?

हॉस्पिटलाबाहेर मात्र एक वेगळीच उलथापालथ चालली होती. अंधेरी पूर्वेच्या साकीनाका-चांदिवली भागातली ट्रान्सएशिया ही कंपनी सुरेश वझिरानी यांनी 1979 साली सुरू केली, म्हणजे माझी नोकरी आणि ती कंपनी एकाच वयाची. परदेशी मशीनं आणून विकणं-दुरुस्त करणं इथून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे स्वतः बनवायला लागले. एर्बा नावाचं सेमी-ऑटो मशीन आणि सिसमेक्सचे सेल काउंटर यांनी उपनगरांतल्या लॅबचं रूपच पालटलं. मुलुंडच्या झवेर रोडवर म्हणा, बोरिवलीत स्टेशनपासच्या गल्ल्यांत म्हणा, इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली, बाहेर बाक, आत मशीन आणि भिंतीवर दत्ताचा फोटो, अशा लॅब उघडल्या. ज्या तपासण्या त्यांच्याकडे होत नसत त्या थर्मासमधल्या बर्फात घालून कलेक्शनची मुलं लोकलने मोठ्या लॅबला न्यायची. सेकंड क्लासच्या दारात, दोन पायांत थर्मास धरून उभा असलेला मुलगा दिसला की मी ओळखायचे. घाटकोपरला गर्दीत तो थर्मास डोक्यावर घ्यायचा.

सीआरपी आमच्यापर्यंत आला तो याच खोल्यांतून, आणि आला तोही अर्ध्या रूपात. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये, ऑस्वाल्ड एव्हरीच्या प्रयोगशाळेत, टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या सीरममध्ये एक पदार्थ दिसला. न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' नावाच्या भागाला तो चिकटत होता, पेशंट बरा झाला की नाहीसा होत होता. हाच तो एव्हरी, ज्याने पुढे 1944 साली डीएनए हे आनुवंशिकतेचं द्रव्य असल्याचं दाखवलं. एका खोलीतून किती काय निघावं! आमच्या हातात आलेला सीआरपी मात्र लॅटेक्सचा. गोव्याच्या ट्यूलिपची किट असे. काळ्या स्लाइडवर सीरमचा थेंब, शेजारी दुधासारख्या लॅटेक्सचा थेंब, काडीने कालवायचे आणि स्लाइड दोन मिनिटं हलवायची. दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. किती ते हवं असेल तर सीरम पातळ करत न्यायचं. एकाच्या डोळ्याला गुठळी, दुसऱ्याच्या डोळ्याला नाही. संधिवाताच्या पेशंटला हे चालून जाई. रात्री आलेल्या तापाला नाही. सीआरपीचा खरा उपयोग आज किती आणि उद्या किती या फरकात आहे, आणि गुठळीला दशांश नसतात.

मग 2005 आलं. 26 जुलैला सांताक्रुझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी, कुर्ला, कलिना, साकीनाका, घाटकोपरचे नाले हे सगळं एकच पाणी झालं आणि लाखो माणसं छातीभर पाण्यातून चालत घरी गेली. त्या पाण्यात उंदीर-घुशींची लघवी होती. पहिला आठवडा जखमा, जुलाब यांचा गेला. लेप्टोस्पायरोसिसचा ताप उठायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि ऑगस्ट उजाडला तसे ते पेशंट येऊ लागले. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे. काहींना दोन दिवसांत कावीळ, लघवी बंद, खोकल्यातून रक्त.

त्याच वेळी डेंग्यू होता, मलेरियाही होता. कॅज्युअल्टीबाहेर रांग, वॉर्डात खाटांच्या मधे गाद्या. कोणाला ठेवायचं आणि कोणाला गोळ्या देऊन घरी पाठवायचं? लेप्टोची खात्रीची तपासणी कस्तुरबा हॉस्पिटलासारख्या ठिकाणी होई, पण तिच्यात धरली जाणारी अँटीबॉडी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात पुरेशी नसतेच. म्हणजे ज्या दिवसांत माणूस वाचवता येतो त्या दिवसांत ती तपासणी निगेटिव्ह. सगळा भार आला साध्या रक्तावर. तोवर आमच्याकडे सेल काउंटर आलं होतं आणि युरिया-क्रिएटिनिन रात्रीही होत होतं. त्या पावसाळ्यात चौथ्या वर्गातला मुलगाही सांगेल अशी आमची एक खूण बनली: काउंट वाढलेला, प्लेटलेट पडलेल्या, बिलिरुबिन वर, क्रिएटिनिन वर, तो लेप्टो समजा आणि ठेवून घ्या. काउंट पडलेला, प्लेटलेट पडलेल्या, बाकी ठीक, तो डेंग्यूकडे झुकतो. स्लाइडवर परजीवी दिसला तर मलेरिया, पण तेवढ्यावर बाकीचं विसरायचं नाही. डॉक्टर मंडळी रिपोर्टची वाट न बघता पेनिसिलीन सुरू करत होती, आणि ते बरोबरच होतं.

ही खूण कोणी लिहून ठेवली नाही, म्हणून इथे लिहिते. प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिएटिनिन. युरोपातल्या तज्ज्ञांनी 1996 साली अवयव किती खचले हे मोजायला 'सोफा' नावाची गुणपद्धती छापली होती. श्वास, रक्तदाब, शुद्ध यांच्या जोडीला तिच्यात रक्ताच्या तपासण्या हव्यात त्या याच तीन. 2016 साली सेप्सिसची व्याख्या बदलली तेव्हा पांढऱ्या पेशींचा काउंट त्यातून बाहेर पडला आणि सोफा आत आला. जंतुसंसर्ग झाला आहे एवढं पुरेसं नाही. शरीराच्या स्वतःच्याच बिथरलेल्या प्रतिकाराने अवयव निकामी होऊ लागलेत का, ते बघा, असं नवी व्याख्या म्हणते. आमच्यातल्या कोणी 2005 साली सोफाचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण चिखलाने माखलेल्या कुर्ल्याच्या माणसाच्या चिठ्ठीवर आम्ही मोजत होतो ते तेच. आता दर पावसाळ्यात महापालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन घ्या. ती ओळ त्या ऑगस्टची कमाई आहे.

प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे पीसीटी, ही माझ्या नोकरीच्या उतरणीची गोष्ट. थायरॉइडमध्ये बनणाऱ्या कॅल्सिटोनिन हार्मोनचं हे कच्चं रूप. निरोगी माणसाच्या रक्तात जवळजवळ नसतंच. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 1993 साली 'लान्सेट'मध्ये दाखवलं की बॅक्टेरियाचा गंभीर संसर्ग झालेल्या मुलांच्या रक्तात ते प्रचंड वाढतं, आणि व्हायरसच्या तापात फारसं वाढत नाही. चार-सहा तासांत चढतं, दिवसभरात कळस गाठतं, संसर्ग आटोक्यात आला की दर 24 तासांनी साधारण निम्मं होतं. सीआरपी चढायला आणि उतरायला, दोन्हीला जास्त वेळ लावतो. अंधेरीत कोकिलाबेन हॉस्पिटल 2009 साली उघडलं त्या सुमाराची ही हवा: मोठी खासगी हॉस्पिटलं आली आणि 'पीसीटी केला का' हा प्रश्न कॅज्युअल्टीत ऐकू येऊ लागला. सीआरपीच्या कितीतरी पट महाग तपासणी. नातेवाईक बिलावर बोट ठेवून विचारायचे, हे काय आहे? उत्तर देणारा बहुधा नसायचा.

पीसीटीबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. 0.5च्या वर म्हणजे बॅक्टेरिया, ही युरोपातली रेघ आपल्या पावसाळ्याला जशीच्या तशी लावता येत नाही. मलेरियात पीसीटी वाढतं. लेप्टोत वाढतं, अर्थात तो बॅक्टेरियाच. भाजलेल्या माणसात, मोठ्या ऑपरेशननंतर, किडनी बंद पडलेल्यातही वाढतं. जुलैतल्या बोरिवलीच्या तापाच्या रुग्णाचं पीसीटी 8 आलं तर त्याचा पहिला अर्थ 'मलेरियाची स्लाइड पाहिली का' असा व्हायला हवा. सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही 2021 साली सांगितलं की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे ठरवायला पीसीटीचा आधार घेऊ नका. थांबवायचं कधी हे ठरवायला घ्या. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. सुरू करायला सगळे पीसीटी मागतात, थांबवायला कोणी मागत नाही.

कोविडमध्ये हे आकडे घराघरांत शिरले. नेस्कोला, मुलुंडच्या रिचर्डसन अँड क्रूडासच्या जागेवरच्या जम्बो सेंटरात माणूस आत, घरचे बाहेर, आणि दोघांच्या मधे व्हॉट्सॲपवर सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, आयएल-6. मी तेव्हा निवृत्त होते. आमच्या सोसायटीतल्या आजी मला जिन्यात थांबवून विचारायच्या, "अगं, त्याचा सीआरपी नव्वदवरून बारावर आलाय, सुटला ना?" स्टेरॉइड आणि टॉसिलिझुमॅब दिल्यावर सीआरपी खाली येतोच, आतला जंतू मेला असो वा नसो. हे त्यांना सांगायचं कसं आणि कशाला, म्हणून मी मान हलवायचे.

सगळ्यात नवा पाहुणा आहे एमडीडब्ल्यू, आणि तो मला मनापासून आवडला. बेकमन कोल्टरच्या सेल काउंटरमध्ये नेहमीच्या सीबीसीतूनच, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीतूनच, तो निघतो. वेगळा बल्ब नाही, वेगळं रक्त नाही. रक्तातल्या मोनोसाइट पेशी आकाराने एकसारख्या आहेत की लहानमोठ्या झाल्यात याचं ते माप. संसर्गाने त्या चाळवल्या की त्यांचे आकार पसरतात, माप 20च्या आसपासची रेघ ओलांडतं, आणि इमर्जन्सीत आलेल्या मोठ्या माणसात सेप्सिसची शंका घ्यायला ते पुरतं. अमेरिकेत त्याला 2019 साली मान्यता मिळाली. स्लाइडवर फुगलेले, फुगे पडलेले मोनोसाइट आम्ही बघतच होतो, पण त्याला कॉलम नव्हता. मशीनने त्याला कॉलम दिला. शिवाय ज्याच्यावर कोणाचा संशयही नाही अशा माणसाच्या साध्या सीबीसीतही तो आकडा आपोआप उमटतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मधुमेही म्हातारा माणूस, ताप नाही, फक्त दोन दिवस जेवला नाही आणि थोडं असंबद्ध बोलतोय. अशाच्या चिठ्ठीवर तीन रेघा कोणी ओढत नाही.

माझा भाचा पश्चिम उपनगरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत रजिस्ट्रार आहे. त्याच्याकडे लॅक्टेट दोन मिनिटांत येतं, पीसीटी तासाभरात, रात्री तीन वाजताही. गणपतीत घरी आला होता तेव्हा त्याने मोबाइलवर एका पेशंटचे आकडे दाखवले: लॅक्टेट 3.1, मग 3.4. "मावशी, वाढतंय का स्थिर आहे?" मी विचारलं, दोन्ही रक्तं किती वाजता काढली? त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. बारकोडसोबत वेळ छापलेली होती, मिनिटासकट. मी म्हटलं, ही रक्त काढल्याची वेळ आहे की स्टिकर छापल्याची? तो थांबला आणि हसला. त्यांच्याकडे सिस्टर गर्दीच्या वेळी पुढच्या नमुन्यांचे स्टिकर आधीच छापून ट्रेच्या कडेला चिकटवून ठेवतात, म्हणाला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेल्यावर त्याने मार्कर पेनने बल्बवर हाताने वेळ लिहायला सुरुवात केली. लॅबमधून फोन आला, की बल्बवर काही लिहू नका, स्कॅनर वाचत नाही.